नोव्हेंबरात मी नागपुरात नव्हतो, एवढाच गुन्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात बँकेसमोर हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरात द्यायचा जिवंत असल्याचा कागद, द्यायला उभ्या पेन्शनरांच्या रांगेचा फोटो आला होता, त्यात डावीकडून तिसरा, पांढरी टोपी अन् हातात प्लास्टिकची फाईल, तो मी. फोटो चांगला आला, सौभाग्यवतीने कापूनही ठेवला. पण त्या रांगेत जे नव्हते त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. म्हणजे ज्यांची पोरंपोरी परदेशात आहेत आणि जे नोव्हेंबरात नेमके तिकडे असतात ते. आमच्या प्रतापनगरच्या एका गल्लीतच असे पाच घरं आहेत, तर सगळ्या नागपुरात किती असतील तुम्हीच बघा.

मी सेंट्रलचा, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीतला. १९७८ ला लागलो, २०१४ ला रिटायर झालो, मधली तीन वर्षं सोडली तर सगळी नोकरी सिव्हिल लाइन्समधे. बायको स्टेटची, म्हणजे राज्य सरकारची, तिची पेन्शन ट्रेझरीतून येते. मुलगा डॅलसजवळ राहतो आणि नातू झाल्यापासून आम्ही दोघं थंडीचे पाच-सहा महिने तिकडे काढतो अन् उन्हाळ्याला बरोबर नागपूरला हजर. लोक हसतात, म्हणतात सगळे मे महिन्यात नागपूर सोडून पळतात, तुम्ही उलटे येऊन राहिले. आता त्यांना कोण सांगणार की टेक्सासचा उन्हाळा काही महाबळेश्वर नाही, आणि तिकडे मेली आंब्याची सोय नाही.

२०२३ ची गोष्ट. ऑक्टोबरच्या २० तारखेला आमचं विमान होतं. म्हटलं जायच्या आधी हयातीचा दाखला देऊन टाकावा, एवढं एक काम डोक्यावरून उतरलेलं बरं. बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, बस म्हटलं, पाणी दिलं, अन् मग म्हणे, सर तुमचं १ नोव्हेंबरपासून होईल, ऐंशीच्या वरचे असते तर आत्ता घेतलं असतं. ते बरोबरच आहे, ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबर. मला तेव्हा ६९. म्हटलं बाबा मी तुझ्यासमोर उभा आहे, जिवंत आहे, तू मला पाणी पाजलं, अजून काय पाहिजे. तर म्हणे सिस्टीम घेत नाही. म्हणजे सिस्टीमच्या हिशोबाने मी ११ वर्षं लवकर आलो होतो.

बरं, तिकडे गेल्यावर मी नियम वाचून काढला, ३६ वर्षं सरकारी फायली वाचल्या आहेत तेवढं तर येतं. केंद्राच्या पेन्शन स्कीममधे स्वच्छ लिहिलेलं आहे की पेन्शनर भारतात राहत नसेल आणि त्याच्या अधिकृत माणसाने मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँकर किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांच्यापैकी कोणाच्याही सहीचा हयातीचा दाखला आणून दिला, तर पेन्शनरने स्वतः हजर व्हायची गरज नाही. किती छान नियम आहे. ज्याने लिहिला त्याच्या घरचं कोणीतरी नक्की परदेशात असणार. मुलाच्या बँकेत एक बाई नोटरी आहेत, पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, सही, शिक्का, पाच मिनिटांत मी कायदेशीर जिवंत. कागद कुरिअरने भाच्याकडे पाठवला. कुरिअरचा खर्च इथे लिहीत नाही, सौभाग्यवती हा पेपर वाचते.

भाचा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो कागद घेऊन बँकेत गेला. नागपुरात सकाळचे अकरा म्हणजे आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा, मी जागाच होतो. त्याचा फोन आला. मामा, हे म्हणून राहिले का हा शिक्का अमेरिकेचा आहे, खरा का खोटा आम्हाले कसं समजन. म्हटलं व्हिडीओ लाव. त्याने व्हिडीओ लावला आणि फोन साहेबांकडे फिरवला. साहेब हसले, नमस्कार सर म्हणाले, तिकडे थंडी कशी आहे विचारलं, नातू कितीचा झाला तेही विचारलं, मीही सांगितलं दीड वर्षाचा, चालायला लागला. मग म्हणाले, पण सर दाखला काही ग्राह्य धरता येत नाही, तुम्ही हयात आहात हे आम्हाला कळायला पाहिजे ना.

संपादक साहेब, मी तुम्हाला खरं सांगतो, मला राग नाही आला, हसू आलं. ज्या माणसाला नातू कितीचा झाला विचारलं त्यालाच दोन मिनिटांनी सांगायचं की तू हयात आहे हे आम्हाला माहीत नाही.

भाच्याने नियमाचं प्रिंट काढून नेलं. साहेबांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले हे जुनं असेल. जुनं असेल तर नवीन दाखवा असं म्हणायची हिंमत भाच्याची झाली नाही, त्याचं स्वतःचं होम लोन त्याच शाखेत आहे.

डिसेंबरची पेन्शन आली नाही. जानेवारीत आम्ही ह्यूस्टनला गेलो, तिथे आपलं वाणिज्य दूतावास आहे. डॅलसहून ह्यूस्टन म्हणजे २४० मैल, आपल्या हिशोबाने नागपूरहून पार संभाजीनगरच्या वाटेला लागल्यासारखं, मुलाने सुट्टी टाकली, पहाटे पाचला निघालो, डब्यात पोळ्या अन् तिळाची चटणी. दूतावासातल्या लोकांनी काम मात्र झटक्यात केलं, पैसेही घेतले नाहीत. त्यांची सही, त्यांचा शिक्का, मूळ कागद पुन्हा कुरिअरने नागपूरला. आणि हा शिक्का साहेबांना लगेच पटला कारण त्यावर अशोकस्तंभ होता. मार्चमधे पेन्शन सुरू झाली, थकबाकीसकट आली, एक रुपया बुडाला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, नाहीतर लोकांना वाटायचं पेन्शन बुडते, बुडत नाही, अडकते. पण तीन महिने अडकली तर काय होतं ते ज्याचं घर पेन्शनवर चालतं त्यालाच समजते. इकडे आमच्या घराचं सोसायटीचं मेंटेनन्स, बाईचा पगार, विजेचं बिल, एलआयसी, सगळं त्याच खात्यातून कटते. मुलाने म्हटलं बाबा मी पाठवतो ना. पाठवलेही. पण तेच तर नको होतं.

आता यावर आमच्या ओळखीचे काही लोक काय म्हणतात ते पण लिहितो. पोरगा अमेरिकेत डॉलर कमावून राहिला, मग तुम्हाले पेन्शन कायले पाहिजे बाप्पा. चहाच्या टपरीवर म्हणतात, लग्नात म्हणतात, हसत हसत म्हणतात पण म्हणतात. तर भाऊ, पेन्शन हे पोरगं किती कमावतं यावर नसते, मी किती वर्षं काम केलं यावर असते. १७ डिसेंबर १९८२ ला सुप्रीम कोर्टाने डी. एस. नाकारा या पेन्शनरच्या केसमधे सांगून टाकलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, दानधर्म नाही, तो केलेल्या नोकरीचा हक्क आहे. म्हणून तर १७ डिसेंबरला पेन्शनर डे असतो, आमच्या संघटनेत त्या दिवशी भाषणं होतात अन् मग पोहे. आणि खरं कारण तर याहून साधं आहे. सुनेच्या घरात राहताना नातवाला पाच डॉलरचं खेळणं घ्यायचं तर मुलाकडे कार्ड मागावं लागू नये, एवढ्यासाठी माणूस नोकरीची ३६ वर्षं काढतो.

हयातीचा दाखला नकोच असं मी म्हणत नाही. मेलेल्या माणसाची पेन्शन वर्षानुवर्षं एटीएमने काढणारे घरचे लोक असतात, हे आम्हालाही माहीत आहे, सरकारने विचारलंच पाहिजे की बाबा आहेस का. माझं म्हणणं एवढंच आहे का, विचारा, पण उत्तर ऐकून तर घ्या. आणि माणूस नागपुरात असेल तर जिवंत आणि नसेल तर संशयित, हे कुठल्या नियमात लिहिलं आहे ते दाखवा.

मोबाईलवर करून टाका ना, असं आता तरुण पोरं म्हणतील. करतो बाबा. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायची सरकारी सोय, २०१४ च्या नोव्हेंबरात आलं तेव्हा अंगठा लागायचा, त्याला मशीन लागायची, २०२१ पासून चेहरा दाखवून होतं. नागपुरात असलात तर पोस्टमनसुद्धा ७० रुपयांत घरी येऊन करून देतो, उत्तम सोय आहे, आमच्या शेजारच्या वहिनींचं तसंच होतं, त्या पोस्टमनला चहापण पाजतात. गेल्या वर्षी आम्ही तिकडून चेहऱ्यानेच केलं. मुलाचा आयफोन होता, त्यावर आमचं जमलं नाही, मग माझा नागपूरचा जुना फोन काढला, त्यात दोन अ‍ॅप टाकायची, एक आधारचं चेहरा ओळखणारं आणि एक जीवन प्रमाणचं. आम्ही नंबर दिला होता तो इकडचा, ओटीपी येणार त्यावर, म्हणजे इकडचं सिम तिकडे चालू पाहिजे, रोमिंग पाहिजे. सिम नागपूरच्या कपाटात ठेवून जाणारे लोक मी पाहिले आहेत, मग रात्री-बेरात्री शेजाऱ्याला फोन, अहो जरा कपाट उघडा अन् मेसेज वाचा.

माझं तिसऱ्या वेळेला झालं. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला अ‍ॅप सांगतं डोळे मिचकवा, ती मिचकवते, अ‍ॅपला ते दिसत नाही. नातू समोर उभा राहून आजी अशी कर म्हणून स्वतःच डोळे मिचकावत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ उजेडात खुर्ची मांडली, चष्मा काढला, कुंकू मोठं लावलं, अकरा वेळा केलं तेव्हा हिरवं आलं. टाळ्या वाजवल्या आम्ही. आणि आठ दिवसांनी मेसेज, दाखला रिजेक्ट. का, तर यादीतून पेन्शन देणारं ऑफिस निवडायचं असतं त्यात घाईत माझ्यावालं, म्हणजे सेंट्रलचं, दाबलं गेलं होतं, तिची तर ट्रेझरी. चूक माझीच, तिने अजून माफ केलेलं नाही. पुन्हा खिडकी, पुन्हा खुर्ची. पण झालं शेवटी, घरबसल्या झालं, त्या अ‍ॅपला मी नावं ठेवणार नाही.

पण ते सगळ्यांना कामाचं नाही हे लक्षात घ्या. ते चालतं आधारवर. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय म्हणजे भारतीय वंशाचे परदेशी नागरिक झाले, त्यांना आधार काढायचं तर आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं पाहिजे, म्हणजे जो तिकडेच राहतो त्याचा प्रश्न आला तिथेच राहिला. त्याला कोणाच्या तरी सहीचा कागदच, मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँकर नाहीतर दूतावास. आणि नोटरीचा रस्ता शाखेवाले बंद करून बसले.

ह्यूस्टनला त्या दिवशी माझ्या पुढे एक आजी होत्या, अमरावतीच्या, ८४ वर्षांच्या, व्हीलचेअरवर, नवऱ्यामागे मिळणारी फॅमिली पेन्शन. मराठी ऐकल्याबरोबर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांच्या मुलाने फॉर्म भरला होता आणि त्यात एक ओळ होती की मी पुनर्विवाह केलेला नाही. आजींनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, आता कोण करते बाप्पा माह्याशी, सरकारच्या नजरेत असन कोणी तर सांगा म्हणा. सगळा हॉल हसला, ज्यांना मराठी येत नव्हतं तेपण हसले. नंतर मुलगा हळूच मला सांगत होता की तिला गाडीत दोन तास बसवत नाही, मधे तीनदा थांबलो. आता गंमत बघा. सरकार वयाप्रमाणे पेन्शन वाढवून देते, ८० झाले की २० टक्के जास्त, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर दुप्पट. म्हणजे सरकारलाही कळते की या वयात माणसाला जास्त लागते, औषध लागते, माणूस लागतो. आणि त्याच वयात त्याला म्हणायचं की ये, समोर येऊन उभा राहा. दूतावासातही जाता येत नसेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून पोस्टाने कागद पाठवायची सोय नियमात आहे, आजींच्या मुलाला ते मी तिथे रांगेत सांगितलं. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या आईच्या शाखेने तर नक्कीच नाही.

पैशाचं एक राहिलं, ते थोडक्यात लिहितो कारण बऱ्याच लोकांना धक्का बसतो. माझा एक मित्र मुलीकडे न्यू जर्सीला कायमचा गेला, ग्रीन कार्ड घेऊन. पेन्शन महिन्याला ६० हजार. पेन्शन रुपयातच मिळते, भारतातल्या खात्यातच येते, फक्त तो तिकडे कायम राहायला गेला म्हटल्यावर त्याचं साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयाचं खातं, करावं लागलं. ते ठीक. पण टॅक्स. इथे राहिला असता तर नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, पगार-पेन्शनवाल्याला तर ७५ हजार अजून सूट. पण हे शून्य होतं ते रिबेट नावाच्या एका वेगळ्या टॅक्स सवलतीने, आणि ती सवलत फक्त इथे राहणाऱ्याला. एनआरआय झाला की गेली. त्याच ७ लाख २० हजारांवर त्याला सेससकट १२,७४० रुपये बसतात. वरून एनआरओच्या व्याजावर ३० टक्के अन् वर सेस असा टीडीएस, इथे राहणाऱ्या सिनियर सिटिझनला एफडीच्या व्याजावर १ लाखापर्यंत काहीच कापत नाहीत. रिटर्नचा फॉर्मही सोपा एक नंबरचा चालत नाही. बँकेने त्याला एक कागद दिला त्यात लिहिलं होतं की एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत परदेशात नेता येतात. फोनवर वाचून दाखवलं त्याने. आम्ही दोघं पाच मिनिटं हसत होतो.

टॅक्सचं काय ते दिल्लीला ठरतं, ते तुमच्या-माझ्या हातात नाही. पण शाखेचं आहे. नोव्हेंबरात बँका बाहेर बॅनर लावतात, हयातीचे दाखले इथे स्वीकारले जातील, मंडप टाकतात, खुर्च्या टाकतात, चांगलं आहे. त्याच बॅनरवर खाली एक ओळ टाका की परदेशातल्या पेन्शनरचा नोटरी, बँकर किंवा दूतावासाच्या सहीचा दाखला चालतो. बॅनरवर लावलं म्हणजे काउंटरवरच्या पोराला वाचावंच लागेल, साहेबांनाही. आणि दाखला नाकारायचा तर नाकारल्याचं कागदावर लिहून द्या, कोणत्या नियमाने ते लिहा, सही करा. मी ऑफिसात होतो तेव्हाचा अनुभव आहे, लिहून द्या म्हटलं की अर्धी कामं तिथेच होतात. आणि ज्याचं तिकीट ऑक्टोबरचं आहे, तो तिकीट दाखवून राहिला, समोर उभा आहे, त्याचा दाखला ऐंशीवाल्यांच्या खिडकीवर घ्यायला काय हरकत आहे? खिडकी तर उघडीच असते.

यंदा आम्ही काय केलं ते सांगून थांबतो. मुलाने नेहमीप्रमाणे ऑक्टोबरचं तिकीट पाहिलं होतं, मी नाही म्हटलं. मोबाईल नको, खिडकी नको, खुर्ची नको, सौभाग्यवतीची तर ठाम ना होती. १ नोव्हेंबरला शनिवार होता, महिन्यातला पहिला म्हणजे बँक चालू, तिकीट त्याच्या नंतरचं काढलं, मुलाला १८ हजार जास्त पडले. सकाळी साडेनऊलाच जाऊन रांगेत लागलो, तुमचा फोटोग्राफर आला तो तेव्हाच. आत गेलो तर तेच साहेब, आता ते मॅनेजर झाले. ओळखलं त्यांनी. म्हणाले, सर यंदा अमेरिका कॅन्सल का? म्हटलं नाही ना, बॅगा भरून तयार आहेत, तुम्ही जिवंत म्हटलं का निघतो.

आपला,
एक पेन्शनर
प्रतापनगर, नागपूर